दोन ठोके म्हणजे नाही

अन्याय झाला तो पार्वताबाई तितरमारे यांच्यावर. वय एकाहत्तर, राहणार कुही तालुका. तो झाला गेल्या वर्षी मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता, नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या बाजूला. त्यांच्या नाकात नळी होती. उजवं अंग लुळं होतं. तोंडातून शब्द फुटत नव्हता. आणि त्यांच्या मुलीच्या हातात डिस्चार्ज कार्ड ठेवलं गेलं. छप्पन्न दिवसांचा मुक्काम दोन पानांत. शेवटच्या ओळीत पेनानं एकच शब्द लिहिलेला: फिजिओ. कोण करणार, कुठे, किती दिवस, काही नाही. खाली सही आणि शिक्का.

अन्याय करणाऱ्यांची यादी मला तोंडपाठ आहे. पहिला तो दवाखाना. दुसरी ती नऊ ठिकाणं, ज्यांनी फोनवर वय विचारलं आणि फोन ठेवला. तिसरी मी. हे तिसरं नाव मी अजून कुठल्याच पत्रकात छापलेलं नाही.

संपादकांनी मला ‘कामातले अनुभव’ मागितले. मला पत्रकं लिहिता येतात. एका पानात मावेल, बसस्टॉपवर उभ्यानं वाचून होईल, वाचल्यावर माणूस चिडेल, असं. सात वर्षं तेच करते आहे. आमची रुग्णांच्या हक्कांसाठी भांडणारी छोटी संघटना आहे, नागपुरात बर्डीला एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. तिथे माझ्याकडे जे काम आहे त्याला नाव नाही. दवाखान्यातून सुटलेला म्हातारा माणूस घरी पोचल्यावर त्याचं पुढे काय होतं, ते बघायचं. बस.

लोकांना वाटतं, दवाखाना संपला की घर सुरू होतं. मधे एक खड्डा आहे. पन्नास दिवस आडवा पडलेला माणूस बसायचं विसरतो, अगदी खरोखर विसरतो. पाठ त्याला धरत नाही. लकवा झालेल्याचं तर सगळंच पहिलीपासून. गिळायला शिकायचं, कुशीवर वळायला शिकायचं, तहान लागली हे कसंही करून सांगायला शिकायचं. हे शिकवणारी माणसं असतात. पण पहिले काही महिने शरीर पटापट शिकतं, मग त्याचा वेग मंदावतो. म्हणून घाई. मी माझ्या थैलीत एक टेप ठेवते, संडासाचं दार व्हीलचेअरला पुरेल का ते मोजायला. एक छोटी पितळी घंटी ठेवते, बोलता न येणाऱ्याच्या हाताला बांधायला. आणि पत्रकांचा गठ्ठा.

गिऱ्हाईकं नमुनेदार भेटतात. प्रताप नगरच्या एका काकांनी वॉकरचं प्लास्टिक तीन महिने काढलं नव्हतं, खराब होईल म्हणून. मी म्हटलं, “काका, आधी तुम्ही खराब व्हाल.” तेव्हा काढलं. मौद्याचे एक काका, जन्मभर वीज केंद्रात शिफ्ट केलेले. फिजिओवाली मॅडम आली की भोंगा झाल्यासारखे उठून बसायचे, आणि ती निघाली रे निघाली की आडवे. बायको ओरडायची तर म्हणायचे, “माझी ड्यूटी झाली जी. आता दुसऱ्याले उठवा.” ते काका आज बाजार करतात. अशा गोष्टी मी सभांमध्ये सांगते. लोक हसतात, टाळ्या वाजवतात.

पार्वताबाईंची गोष्ट मी सभेत सांगत नाही.

त्या मला वॉर्डात भेटल्या तेव्हा चाळीस दिवस झाले होते. येणारा प्रत्येक जण त्यांच्या मुलीशी बोलायचा. सिस्टर, ब्रदर, राउंडचे डॉक्टर, सगळे. “पेशंटला काही कळतं का?” हेही मुलीलाच विचारायचे. मुलगी म्हणजे कुंदाताई, प्रताप नगरला राहतात, एका कार्यालयात कारकून. मी खाटेजवळ गेले आणि सरळ म्हातारीला विचारलं, “आजी, मी प्रणाली. तुम्हाला ऐकू येतं का?” आणि थांबले. थांबणं हीच या कामातली खरी कारागिरी आहे. उत्तर डोक्यातून हातापर्यंत यायला वेळ लागतो. मी मनात वीसपर्यंत मोजते. सतराला त्यांचं डावं बोट हललं.

मग आम्ही ठरवलं. खाटेच्या लोखंडावर बोटाच्या पेरानं एक ठोका म्हणजे हो. दोन ठोके म्हणजे नाही. दोन दिवसांत आजी पटाईत झाल्या. “चहा आवडतो?” एक. “दवाखान्याचा चहा आवडतो?” दोन, आणि पहिल्यापेक्षा जोरात. कुंदाताई हसल्या आणि मग बाहेर जाऊन रडल्या.

पुनर्वसन केंद्राचा शोध तेव्हापासूनच सुरू केला होता. आजींचा मुलगा रमेशभाऊ गावाहून आला होता. मी त्याला म्हटलं, “भाऊ, आईचं पुनर्वसन करावं लागेल.” तो म्हणाला, “आमचं तं झालं मॅडम. धरणात.” त्यांचं जुनं गाव पाण्याखाली गेलेलं. आताचं गाव म्हणजे सरळ रेषेत आखलेली घरं. पुनर्वसन म्हटलं की त्याला ट्रकवर चढवलेली चूल आठवायची. मी समजावून सांगितलं. त्यानं विचारलं, “म्हणजे इलेही दुसरीकडे नेऊन ठेवाचं?” मी म्हटलं, परत आणण्यासाठी न्यायचं. त्यानं मान हलवली. आम्हालाही असंच काहीतरी सांगितलं होतं, अशी ती मान होती.

कुंदाताईंनी नऊ ठिकाणी फोन केले, मी शेजारी बसून. एक म्हणे, नाकात नळी असलेले आम्ही घेत नाही. एक म्हणे, एवढ्या वयात सुधारणा दाखवता येत नाही. एकानं विचारलं, “पण करायचं कशासाठी?” दहाव्या ठिकाणी शहराबाहेर एक छोटं केंद्र निघालं, चांगलं. ते घेणार होते. फक्त जागा तीन आठवड्यांनी रिकामी होणार होती, लवकर झाली तर फोन करणार होते.

तीन आठवडे दवाखाना ठेवायला तयार नव्हता. कुंदाताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून गाव. मी कुंदाताईंना आणि रमेशभाऊला आमचं पिवळं पत्रक दिलं, ‘दवाखान्यातून घरी: दहा कलमं’. मीच लिहिलेलं. त्यातलं कलम चार माझ्या खास अभिमानाचं. गावाकडच्या सुतळीच्या खाटेला मधे झोळ पडतो, त्यात व्यायाम होत नाही, अंग आणखी आखडतं. तेव्हा कलम चार: ‘रुग्णास दररोज जमिनीवर सतरंजी अंथरून त्यावर घ्यावे.’ छोटं, स्वच्छ, बिनखर्चाचं. एका फिजिओथेरपिस्टनं तपासून दिलेलं.

मारबतीच्या दिवशी अँब्युलन्समध्ये मी त्यांच्यासोबत शहराच्या वेशीपर्यंत होते. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते: त्या दिवशी बांबू-कागदाच्या प्रचंड बायका मिरवत शहराबाहेर नेतात आणि जाळतात. शहरातली सगळी रोगराई त्यांच्या अंगावर टाकून. आम्ही त्या गर्दीत अडकलो. सायरन कोणाला ऐकू येत नव्हता. अँब्युलन्सच्या खिडकीबाहेर ती पिवळी मारबत आली, दोन्ही हात पसरलेली, चेहरा आमच्या टपाच्याही वर. खाली पोट्टे ओरडत होते, “खोकला घेऊन जा गे मारबत! ताप घेऊन जा गे मारबत!” एकानं ओरडता ओरडता आमच्या गाडीच्या पत्र्यावर थाप मारली, गाडीत कोण आहे हे त्याला ठाऊकही नसेल. आजी पडल्या पडल्या त्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि तो चेहरा त्यांच्याकडे. त्यांनी स्ट्रेचरच्या दांड्यावर ठोके दिले. दोन. मी म्हटलं, “गर्दी आहे आजी, निघेल.” पुन्हा दोन.

मला वाटलं त्यांना उजेड नको आहे. मी पडदा ओढला.

चौथ्या दिवशी रमेशभाऊला फोन केला. “पत्रकाप्रमाणे चाललंय ना? जमिनीवर घेतलं?”

“हाव मॅडम. घेतलं.”

मागे बायका गात होत्या. मला वाटलं टीव्ही. मी म्हटलं, “शाब्बास! तसंच चालू ठेवा.” आणि निवेदनावर सह्या गोळा करायला निघून गेले. त्या आठवड्यात आमचं मोठं निवेदन होतं, म्हाताऱ्या रुग्णांच्या पुनर्वसनाबद्दलच. मागण्या सहा. हे लिहिताना माझे कान गरम होतात.

बाराव्या दिवशी गेले. कुहीच्या पुढे दोन्ही बाजूंना धान उभं होतं, गुडघाभर पाण्यात. दुपारचा एक वाजलेला. गावाच्या त्या सरळ रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. तितरमाऱ्यांच्या अंगणात खाट होती. उलटी. चारही पाय आभाळाकडे.

खाट उलटी करून अंगणात कधी टाकतात ते मला ठाऊक आहे. मी फाटकाशीच उभी राहिले.

सून बाहेर आली, मंदा. रमेशभाऊची बायको. मी तिला विचारलं, “केव्हा गेल्या?”

“गेल्या नाहीत,” ती म्हणाली. “जाऊन राहिल्या.”

मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, घर वाजून राहिलं.”

“म्हणजे?”

“आठ दिवसापासून. भजन थांबलं का वाजते. दुपारचं सगळे टेकले का जास्त. आमच्या ह्यांनी कोपरा खोदून पायला, घूस असन म्हून. घूस नाही. औषध टाकलं. तरी वाजते. पोट्टे घरात याले भेऊन राहिले.”

मी आत गेले. पुढच्या खोलीत आजी जमिनीवर होत्या. सतरंजी नव्हती. सारवलेली भुई, तिच्यावर एक धुतलेलं पांढरं पातळ आणि त्यावर आजी, त्याचाच पदर अंगावर ओढलेला. डोकं उत्तरेला. उशाशी तुळशीचं पान ठेवलेली वाटी आणि दिवा. केसांना तेल लावून विंचरलेलं. भिंतीच्या कडेनं आठ-दहा बाया बसलेल्या, मांडीवर टाळ. मी बांधलेली पितळी घंटी आजींच्या हातात नव्हती. ती देवळीत, देवापुढे ठेवली होती.

कुंदाताई आईच्या पायाशी होत्या. बारा दिवसांत त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं की क्षणभर मी ओळखलंच नाही.

काय झालं होतं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी रमेशभाऊनं कलम चार वाचलं, नीट, दोनदा, आणि दुपारी चार वाजता आईला खाटेवरून उचलून जमिनीवर घेतलं. व्यायामासाठी. पाचच मिनिटांत शेजारच्या जनाआजी गंजभर ताक घेऊन आल्या. दार उघडं. समोर पार्वता भुईवर. जनाआजींच्या हातातून गंज पडला आणि त्यांनी हंबरडा फोडला.

कारण माणसाला भुईवर एकदाच घेतात. जीव जाताना. हे नागपूर जिल्ह्यात लहान लेकरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. माझ्या स्वतःच्या आजोबांना असंच घेतलं होतं, मी दारात उभी राहून पाहिलं होतं. पण पत्रक लिहिताना मी आजोबांची नात नव्हते, मी कार्यकर्ती होते.

गाव गोळा झालं. रमेशभाऊ सांगत राहिला की हा व्यायाम आहे, पण त्याचं कोण ऐकतं? म्हणाले, पोराच्या मनाले लागलं, म्हून असं बोलते. आणि एकदा भुईवर घेतलेलं माणूस पुन्हा खाटेवर ठेवत नाहीत. ठेवलं तर त्या घरातलं दुसरं कोणी जातं. रमेशभाऊला दोन लेकरं आहेत. त्यानं आईकडे पाहिलं, लेकरांकडे पाहिलं, आणि खाट बाहेर नेली.

“पण कुंदाताई,” मी म्हटलं, “तुम्ही तरी...”

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमच्या पत्रकात होतं ना, जमिनीवर घ्या. मला वाटलं तुम्हा लोकांना कळलं असेल. तोंडावर सांगता येत नाही म्हणून असं लिहून देत असाल.”

मी थैलीतून वर आलेला पत्रकांचा गठ्ठा आत दाबला.

“केंद्रातून फोन आला होता सहाव्या दिवशी,” त्या म्हणाल्या. “जागा झाली म्हणून. मी सांगितलं, आता गरज नाही.”

दहा दिवस बाया वाट बघत होत्या. जीव कशात तरी अडकला आहे, असं ठरलं होतं. कोणात अडकला ते शोधणं चालू होतं. आवडता भाचा बोलावला. तो आला तर आजींनी डावा हात उचलून त्याची बाही धरली. बाया म्हणाल्या, सोडवून घे रे, सोबत नेईल. नातीला आणलं तर आजींनी मान वळवली. बाया म्हणाल्या, विझायच्या आधी दिवा मोठा होतो. उजवा पाय हलला, म्हणाल्या, वाटेला लागली. बरी होण्याची एक-एक खूण त्या घरात मरणाची खूण म्हणून मोजली जात होती. तुळशीच्या पाण्यानं ठसका लागायचा, तर म्हणायच्या हीच शेवटची उचकी. आणि या सगळ्यांच्या चोरून मंदा दिवसातून चार वेळा नळीतून पातळ पेज घालत होती, वॉर्डातल्या सिस्टरनं शिकवलं होतं तशी. मी नंतर विचारलं, काहून? म्हणाली, “जाचं तं जा म्हना. पन माह्या घरून उपाशी नाही.”

मी पोचले तेव्हा एक भजन संपत आलं होतं. संपलं. बायांनी टाळ ठेवले. कोणीतरी जांभई दिली. बाहेरचं ऊन दारातून खोलीत आलं होतं.

आणि घर वाजलं.

टक टक.

बायांनी पदर डोक्यावर ओढले. एकीनं देवाचं नाव घेतलं. आवाज भुईतून येत होता, कुठल्याही एका जागेतून नाही, सगळ्या खोलीतून येतो तसा. थांबला. पुन्हा. टक टक. थांबला. टक टक.

त्या खोलीत बारा-तेरा माणसं होती आणि त्या आवाजाचा अर्थ त्या क्षणी फक्त दोघींना लागत होता. एक मी. माझ्या पाठीवरून काटा सरकत गेला तो भुताच्या भीतीनं नव्हे. मी त्या पांढऱ्या पातळाखाली पाहिलं. डावा हात, पातळाच्या आत, मूठ वळलेली. बोटाचं पेर सोललेलं. पेराखालच्या सारवणाला वाटाण्याएवढा खळगा पडलेला.

कुंदाताईंना वॉर्डातली ती भाषा माहीत नव्हती का? होती. पण त्यांनीच नंतर सांगितलं की आई गेली हे एकदा मनात धरलं तेव्हा कान बंदच झाले.

मी खाली बसले आणि मोठ्यानं विचारलं, “आजी, तुम्हाला जायचंय?”

वाट पाहिली. अकरा, बारा, तेरा.

टक टक.

“हे हातानं करून राहिली!” एक बाई किंचाळली.

जनाआजी उठल्या. पाठीतून वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. “हट बाजूले वं पोरी. हे पार्वता नाही. पार्वता गेली, मी माह्या डोळ्यानं पायली. आता आत कोन बसलं ते पाहा लागते.”

मी भांडायला तोंड उघडलं, मंदानं माझा हात दाबला. जनाआजी मांडी घालून बसल्या, आजींच्या तोंडाजवळ तोंड नेलं. “मी विचारतो. मले सांग. माहं पयलं लेकरू. पोरगा होता का पोरगी होती?”

मी मधे सांगितलं की हो-नाहीचं विचारा. त्यांनी माझ्याकडे न बघता प्रश्न बदलला. “पोरगी होती काय?”

टक टक.

“नाव गनेश होतं?”

टक टक.

जनाआजी आणखी खाली वाकल्या. “वसंता?”

आम्ही सगळे थांबलो. बाहेर कुठेतरी पाण्याचा पंप चालू झाला. मोजणं मी विसरले.

टक.

नंतर मला समजलं, वसंता जुन्या गावात दीड वर्षाचा असताना गेला होता, पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी. त्याला पुरलं ती जागाही आता पाण्याखाली आहे. त्या खोलीतल्या इतर कोणालाही हे नाव ठाऊक नव्हतं.

जनाआजींनी पदरानं तोंड पुसलं. मग बायांकडे वळल्या. “ठेवा वं ते टाळ तिकडे. हे तं दहा दिवसापासून आयकून राहिली सगळं.”

आयकून राहिली. तेव्हा बायांच्या डोक्यात उजेड पडला, की आपण या दहा दिवसांत इथे बसून काय काय बोललो. कोणत्या सुनेला काय मिळणार, कोणाची किती चूक. भिंतीकडेची एक बाई हळूच उठून मागच्या दारानं निघून गेली. तिच्या अंगावर आजींचं हिरवं पातळ होतं. दुसऱ्या दिवशी ते धुऊन, घडी करून ओट्यावर ठेवलेलं सापडलं.

“खाट आत आणा,” मी म्हटलं.

“खाटेवर नाही,” जनाआजी म्हणाल्या. “ते मी मोडू देनार नाही. या घरात लेकरं आहेत.”

माझ्या डोक्यात सगळी पत्रकं एकदम उभी राहिली. अंधश्रद्धा, हक्क, कायदा. मी सुरूही केलं. रमेशभाऊ दारात हात जोडून उभा होता, कोणाला जोडत होता कोण जाणे. तेवढ्यात दहा दिवस मोठ्यानं न बोललेली मंदा बोलली.

“मावशी, खाटेचं सांगितलं आहे. खुर्चीचं कोनी काही सांगितलं नाही.”

जनाआजींनी विचार केला. खरंच विचार केला. न्यायाधीश करतात तसा.

“खुर्चीचं नाही,” त्या म्हणाल्या. “कोन मेलं खुर्चीवर? आना.”

निळी प्लास्टिकची खुर्ची आली. दोन उशा, एक चादर बांधायला. आम्ही चौघींनी उचललं. पाठीला टाचेएवढी जखम झाली होती, घोटा आखडून पाऊल खाली ताठ झालं होतं. दहा दिवसांचा हिशेब. मान एका बाजूला कलली, मंदानं उशी लावली. आणि आजी बसल्या. दहा दिवसांनी सगळ्यांच्या डोळ्यांच्या पातळीत आल्या. त्यांनी भिंतीच्या एका टोकाकडून सुरुवात केली आणि एकेकीकडे बघत दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. सावकाश. एकही बाई नजर धरू शकली नाही.

सगळ्यात शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, “आजी, माझं चुकलं?”

टक. खुर्चीच्या हातावर. वीसपर्यंत मोजावं लागलं नाही.

गेलेली जागा गेली होती. पुन्हा मिळायला सव्वा महिना लागला. तेवढे दिवस मौद्याची एक फिजिओथेरपिस्ट मोटरसायकलवर येत राहिली, आणि मंदा बघून बघून तिच्याइतकीच तयार झाली. मग केंद्र, मग पुन्हा गाव. आज आजी काठी घेऊन ओट्यापर्यंत चालतात. तोंडानं खातात. उजवा हात आला नाही. घोटा पूर्ण सरळ झाला नाही, होणारही नाही, आणि तो का झाला नाही हे त्यांना आणि मला माहीत आहे. तीन शब्द बोलतात. ‘मंदा’, ‘चाय’ आणि ‘नाही’.

गाव अजून त्यांना थोडं घाबरतं. पोट्टे त्यांच्या सावलीवर पाय देत नाहीत. भुईवरून परत आलेलं माणूस तिथे दुसरं कोणी नाही. दुपारच्या वेळी बाया एकेकट्या येतात, ओट्यावर बसतात आणि आपल्या गेलेल्यांबद्दल विचारतात. तो तिकडे दिसला काय? सुखात आहे काय? मी एकदा तिथे होते. आजी लांब कुठेतरी बघत होत्या, जिकडे जुनं गाव होतं तिकडे. मग ओट्याच्या फरशीवर दोन ठोके. सगळ्यांना दोनच देतात. जनाआजींनी तेवढं कधी विचारलं नाही. त्या रोज ताक घेऊन येतात आणि शेजारी बसतात.

ते मोठं निवेदन आम्ही दिलं. पोच मिळाली. सहा मागण्या तिथेच आहेत. त्यांच्यासाठी मी भांडतेच आहे, त्याबद्दल तुम्हाला काही मागत नाही. तुमच्याकडे वेगळी मागणी आहे.

एक. आमचं पिवळं पत्रक तुमच्या घरी, दवाखान्याच्या फाइलमध्ये, कुठेही असेल तर कलम चार खोडा. पेनानं, गडद. त्याजागी लिहा: ‘खाटेवर लाकडी फळी टाका. खुर्चीवर बसवा.’

दोन. तुमच्या घरात, नसेल तर तुमच्या गल्लीत, दवाखान्यातून आलेलं एक म्हातारं माणूस आडवं आहे. आहेच. तुम्ही आता मनात नाव घेतलंत. त्याचं डिस्चार्ज कार्ड काढा, शेवटची ओळ वाचा, आणि तिथे नुसता एक शब्द असेल तर दवाखान्यात फोन करून विचारा: कोण, कुठे, किती वाजता. तीनही उत्तरं मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका.

पण त्याच्याही आधी हा अंक बंद करा आणि त्या माणसाजवळ जा. घरच्यांना काही विचारू नका. त्यालाच विचारा, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असेल असं काहीतरी. मग वीसपर्यंत मोजा. आणि त्या खोलीत काही वाजलं, तर घूस शोधू नका. चादर उचला.